बरोबरी चालली असती

गोलकीपरचे पॅड वाळवायला आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. स्वयंपाकघरामागच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर सगळी बिल्डिंग कपडे वाळत घालायची, पण माझे ते पायांचे पॅड गादीएवढे जाड, घामानं भिजले की दोन्ही हातांनी उचलावे लागायचे. काठीवर टाकले आणि वाऱ्यानं खाली कुणाच्या डोक्यात पडले तर काय, या धास्तीनं आई ते आतच वॉशिंग मशीनला टेकवून उभे करायची आणि त्यांच्यासमोर टेबलफॅन लावायची. रविवारी दुपारी घरात दोन वास असायचे, एक आईच्या येसर आमटीचा आणि दुसरा त्या पॅडचा. पाहुणे आले की आई आधीच सांगून टाकायची, "तो वास हॉकीचा आहे हो, नाली तुंबलेली नाही." मग पाहुणे विचारायचे, हॉकी म्हणजे ती हिरवळीवरची का, आणि आई पदराला हात पुसत म्हणायची, "नाही, बर्फावरची. आमच्या औरंगाबादेत मे महिन्यात डांबर वितळतं, आणि पोरगी बर्फावर खेळतीय." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. दर वेळी ती ते तितक्याच कौतुकानं म्हणायची, आणि मी तितकीच संकोचायचे.

विषुववृत्ताजवळच्या त्या बेटावरच्या शहरात आइस हॉकी खेळण्याजोगा बर्फ एकाच ठिकाणी होता, पार पश्चिमेला, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. खाली सुपरमार्केट, चपलांची दुकानं, फूड कोर्ट, आणि वर काचेपलीकडे पांढराशुभ्र बर्फ. दिवसभर तिथे लहान मुलं भाड्याचे स्केट घालून कठड्याला धरून फिरायची, म्हणून आमचा सराव भल्या सकाळी, मॉल उघडायच्या आधी असायचा. पुंगोलहून निघायचं म्हणजे आधी एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटीची मेट्रो, आणि अख्खं बेट ओलांडून दुसऱ्या टोकाला. बाहेर कोकीळ ओरडत असायची, ती तिथे वर्षभर ओरडते, आणि मी अंधुक उजेडात चाकांची ती प्रचंड बॅग ओढत लिफ्टकडे जायचे. डब्यातले झोपाळू लोक बॅगेकडे बघायचे. एकदा एका आजोबांनी विचारलं होतं की यात चेलो आहे का. मी हो म्हटलं, कारण खरं सांगितलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

या नादाला मला सायलीनं लावलं. सायलीचं घर पुण्याचं, राहायला ईस्ट कोस्टला काँडोच्या खाजगी सोसायटीत. तिची आई, आमची वैशाली मावशी, आणि माझी आई एका गणपतीच्या कार्यक्रमात भेटल्या. आमच्याकडे गणपती नसायचा, आमच्याकडे बुद्धवंदना असायची, पण मराठी बोलायला माणूस मिळतं म्हणून आई कुठल्याही कार्यक्रमाला जायची. सायलीच्या कुठल्याशा वाढदिवसाला आम्ही पहिल्यांदा बर्फावर उतरलो. ती पहिल्या तासातच कठडा सोडून सुटली आणि मी पडत राहिले. पण मी पडले की लागायचं नाही, आणि पडून पटकन उठायचे. मुलांना शिकवणारा तिथला एक जण हे बघून म्हणाला, हिला गोलमध्ये उभी करा. मी गोलकीपर झाले ती अशी. शाळेची सगळी वर्षं आम्ही दोघी एका बाजूनं खेळलो. पुढे कॉलेजं वेगळी झाली. सायलीच्या कॉलेजची जर्सी हिरवी, आमची निळी. मुलंमुली एकत्रच खेळायची, कारण वेगवेगळ्या टीम करण्याइतकी माणसंच त्या शहरात नव्हती.

मी हे जे सांगणार आहे तो आमचा तिघांचा, आई-बाबांचा आणि माझा, एका छपराखालचा शेवटचा काळ होता. तेव्हा तसं वाटत नव्हतं. आता वाटतं की मी जरा लक्ष देऊन बघायला हवं होतं, सकाळी बाबा गॅसजवळ उभे राहून चहा कसा प्यायचे, शेजारच्या लिम आँटींच्या घरातून माहजाँगच्या सोंगट्यांचा खडखडाट किती वेळ यायचा. पण विशीतली मुलगी अशी लक्ष देऊन बघत नसते.

बाबा पाणी गाळण्याच्या पडद्यांवर संशोधन करायचे. घरातही फिल्टरचा विषय निघाला की त्यांना थांबवावं लागायचं. त्या वर्षी एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "प्रोजेक्ट पुढं चालू ठेवणार नाहीत म्हणतायत." भाकरी मोडता मोडता म्हणाले, आवाजात काही नाही.

आई म्हणाली, "म्हणजे इथं राहायचा पास?"

"काम गेलं की पासही जातो."

"आणि माझी बालवाडी?" आई पुंगोलमध्येच एका बालवाडीत शिकवायची. तिथली चिनी, मलय, तमिळ अशी सगळी मुलं तिला टीचर सुनंदा म्हणायची आणि जाताना कमरेला मिठी मारायची.

"तुझा पास माझ्या पासाला जोडलेला आहे ना."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, "हिचा स्टुडंट पास वेगळा. हिला काही होत नाही. ही होस्टेलला राहील, शिक्षण पूर्ण करील." त्यांनी आईकडे आणखी आमटी मागितली. आईनं वाढली. नंतर काही आठवड्यांनी औरंगाबादच्या एका कॉलेजात बाबांना जागा मिळाली आणि जायचं नक्की झालं. घरातल्या वस्तू कुणाला द्यायच्या याची बोलणी सुरू झाली. मला मात्र असं वाटत होतं की हे सगळं हॉकीचा मोसम संपल्यावर होणार आहे, म्हणजे अजून खूप लांब आहे.

बाबांची बरीच रजा शिल्लक होती, ती कामाच्या ठिकाणी त्यांना घ्यायला लावली. आयुष्यभर सकाळी डबा घेऊन निघणारा माणूस घरी बसला. पहिले काही दिवस त्यांनी कपाटं आवरली, नळाचे वॉशर बदलले, लिम आँटींच्या पंख्याचा आवाज बंद करून दिला. मग एका रविवारी म्हणाले, "मी येतो तुझ्या मॅचला." तोवर ते वर्षातून एखाद्या वेळी यायचे आणि काचेमागे बसून पेपर वाचायचे. त्या दिवशी त्यांनी पेपर आणला नाही. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, कुठे आहे ते त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही, लोक ओरडले की ते बोर्डाकडे बघून गोल कुणाचा झाला ते समजून घ्यायचे. पण घरी जाताना त्यांनी विचारलं, "तुम्ही सध्या कितवे?" मी म्हटलं, मधेच कुठेतरी. "मधे म्हणजे?" असं म्हणून त्यांनी माझ्या फोनवर गुणांचा तक्ता उघडून घेतला आणि पुंगोल येईपर्यंत तो बघत बसले.

खेळ त्यांना कधी कळला नाही, तक्ता मात्र पहिल्याच दिवशी कळला. सहा कॉलेजं होती, पहिली चार सेमीफायनलला जायची. जिंकलं की दोन गुण, बरोबरी झाली की एकेक. जादा वेळ खेळायची पद्धत नव्हती, कारण आमची वेळ संपली की बर्फ गुळगुळीत करणारं ते अवजड यंत्र यायचं आणि मागोमाग तिकीट काढलेली मुलं. दोन टीमचे गुण सारखे झाले तर आपापसातल्या मॅचमध्ये जो जिंकला तो वर. आमच्या फ्रिजवर एक पांढरा फळा होता, त्यावर आई भाजी लिहायची. बाबांनी त्याचा वरचा अर्धा भाग घेतला. वर सहा टीम रंगांप्रमाणे, खाली कोथिंबीर, टोफू, ज्वारीचं पीठ. दर सोमवारी ते वरचं पुसून नव्यानं लिहायचे आणि मला ऐकवायचे, पिवळे आता गेले, त्यांचं काही खरं नाही, पांढरे पहिले राहणार, जांभळे दुसरे, भांडण उरलं तुम्हा तिघांत. आम्ही तिघं म्हणजे निळे, लाल आणि हिरवे. जागा दोन आणि टीम तीन.

मोसमाचा शेवट जवळ आला तशी आईही त्यात ओढली गेली. ती पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आज लाल हरले का?" आणि बाबा आतून सांगायचे, "नाही ना, वाचले." त्या दिवसांत आमच्या घरात परत जाण्याबद्दल कमी आणि तक्त्याबद्दल जास्त बोललं जायचं. पुष्कळ वर्षांनी आई मला म्हणाली की तिला ते बरं वाटायचं. संध्याकाळी तिघांनी मिळून काळजी करायला काहीतरी होतं, आणि ते काहीतरी जीवघेणं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात हिरव्यांच्या सगळ्या मॅच संपल्या. आमची एकच उरली होती, लालशी. तिन्ही टीमचे गुण सारखे. गुरुवारी मी घरी आले तेव्हा बाबा फळ्यासमोर उभे होते, हातात मार्कर, आणि चेहरा हरवलेली किल्ली सापडल्यासारखा.

"प्रज्ञा, इकडे ये. तुमची आणि लालची बरोबरी झाली तर दोघांनाही एकेक गुण मिळतो. दोघंही पुढं."

मी बघितलं. बरोबर होतं.

आई गॅस बारीक करून आली. "आणि हिरवे?"

"हिरवे बाहेर. त्यांचं काही उरलंच नाही ना खेळायचं."

"आणि बरोबरी नाही झाली तर?"

"तर जो हरेल तो बाहेर. हिरव्यांनी या दोघांनाही आधी हरवलंय, त्यामुळे गुण सारखे राहिले की हिरवे वर."

"म्हणजे बरोबरी झाली की सायली घरी," आई म्हणाली.

बाबांनी मार्करचं टोपण लावलं. थोड्या वेळानं जेवताना ते म्हणाले, "सेमीफायनल आमच्या विमानाच्या आधीच्या रविवारी आहे. मला तुला तिथं खेळताना बघून जायचंय." बाबा स्वतःसाठी काही मागणारे गृहस्थ नव्हते. हॉटेलात गेल्यावरही तुम्ही काय घेताय तेच मला, असं म्हणायचे. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

शनिवारी वैशाली मावशीनं आम्हाला ईस्ट कोस्टला बोलावलं होतं. समुद्राकाठच्या हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत काड्यांवर भाजलेलं साते आणि उसाचा रस, आणि आम्ही जाणार म्हणून मावशीचे डोळे मधूनच भरून येत होते. सायली आणि मी पाण्याच्या कडेनं चालत पुढे गेलो. लांबवर जहाजं उभी होती.

"तुला माहितीये ना, बरोबरी झाली तर काय होतं," सायली म्हणाली.

"माहितीये."

"आमच्या ग्रुपवर सगळे तेच बोलतायत. मी काही बोलणार नाही तुला. बोलले तर वीअर्ड होईल."

"नको बोलूस."

"तू मुद्दाम हरलीस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही. ओके?"

"मुद्दाम कोण हरतं?"

"इट्स फाइन लाह. जस्ट सेइंग." मग तिनं माझ्या ग्लासातला उरलेला रस पिऊन टाकला आणि आम्ही परत फिरलो.

मॅच रविवारी सकाळी होती. हिरवी टीम सगळीच्या सगळी बघायला आली होती, आपापल्या जर्सी घालून, वरच्या बाकांवर ओळीत बसली होती. आई, बाबा आणि वैशाली मावशी खालच्या बाकांवर अंगावर शाली घेऊन. बाबांनी कानटोपीही घातली होती. पहिला गोल लालनं केला, माझ्या डाव्या बाजूनं, तो अडवायला हवा होता. मग आमचा झाला, मग पुन्हा आमचा, आणि दुसरा भाग संपता संपता लालनं बरोबरी केली. दोन-दोन. तोवर मॅच चांगली चालली होती. माझ्या अंगातून वाफा निघत होत्या, आणि तक्ता, विमान, सेमीफायनल यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. गोलमध्ये उभं राहण्याचा तोच फायदा असतो, समोरून येणाऱ्या पकशिवाय दुसरं काही दिसत नाही.

तिसऱ्या, शेवटच्या भागात अर्ध्याच्या पुढे गेल्यावर लालचा कॅप्टन पक घेऊन आपल्याच गोलच्या मागे गेला आणि तिथे थांबला. आमच्यातलं कुणीतरी त्याच्या अंगावर जायला हवं होतं. कुणी गेलं नाही. आमचा कॅप्टन वेई जे हा मधल्या रेषेवर स्टिक गुडघ्यांवर आडवी ठेवून वाकून उभा राहिला. लालच्या कॅप्टननं पक शेजारच्याला दिला, त्यानं परत दिला. मग त्यांनी तो हळूच आमच्याकडे सोडला, आमच्या बचावातल्या मुलांनी तो घेतला आणि आपसात इकडून तिकडे दिला. कुणी कुणाशी काही ठरवलेलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तशी गरजच नव्हती. बाबांनी फ्रिजवर जे लिहिलं होतं ते दोन्ही टीममधल्या प्रत्येकाला पाठ होतं.

प्रेक्षकांत आधी कुणीतरी हसलं, मग सगळं शांत झालं. बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांची घरघर इतकी मोठी असते हे मला त्या दिवशी कळलं. खालच्या सुपरमार्केटमधली घोषणा ऐकू आली, कुठल्यातरी मुलाची आई त्याला शोधत होती. मी हेल्मेटच्या जाळीतून वर बघितलं. हिरवी टीम तशीच ओळीत बसली होती. ती मुलं ओरडत नव्हती की काही नाही. सायली पुढे वाकून दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली होती, थंडी वाजल्यासारखी.

आमच्या कोचनं टाइमआउट मागितला. कोच गोह शहरातल्या पाया लेबार भागात एका ऑफिसात मॅनेजर होते आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला शिकवायचे, आवडीखातर. आम्ही त्यांच्याभोवती जमलो. ते नेहमीसारखं त्यांच्या तुटक इंग्रजीत बोलले. "मी काही सांगणार नाही. ऑफिसात मी दिवसभर लोकांना काय करायचं ते सांगतो. इथे तुम्ही मोठे आहात."

वेई जे म्हणाला, "बरोबरी आपल्याला चालते, कोच. साधं गणित आहे."

नादिया नावाची आमची पुढच्या फळीतली मुलगी होती, सगळ्यात वेगवान. ती नुसती स्केटच्या टोकानं बर्फ खरवडत राहिली. मीही काही बोलले नाही. माझ्या मनात काही ठरलेलं असतं तर बोलले असते. मी पाणी प्यायले आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिले.

पुन्हा तेच सुरू झालं. घाम गार व्हायला लागला आणि पाठ काकडली. गोलकीपर हालचाल करत नसला की आधी त्याचे पाय जातात. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मग आमच्या एका मुलानं पक मागे माझ्याकडे सोडला, अगदी सावकाश, लहान मुलाकडे चेंडू घरंगळत सोडावा तसा. मी तो थांबवून त्याच्यासाठी तिथेच ठेवायचा, एवढंच काम होतं. मी तो मारला. होता नव्हता तेवढा जोर लावून, कडेच्या फळ्यांना धरून सरळ पुढे. नादिया बर्फावर आखलेल्या पलीकडच्या निळ्या रेषेजवळ उभी होती. पक शेजारून गेला आणि ती त्याच्यामागे सुटली. तिनं तेव्हा विचार केला असेल असं मला वाटत नाही, तिचे पायच गेले. तिनं मारलेला पक लालच्या गोलकीपरनं छातीवर घेतला, तो उसळून बाजूला पडला आणि एका क्षणात सगळ्या बर्फावर जाग आली. लालची मुलं चिडली होती. त्यातली तिघं मिळून माझ्यावर चालून आली. पहिला फटका मी अडवला. तो पुन्हा त्यांच्याच स्टिकवर गेला, आणि दुसरा माझ्या हाताखालून आत गेला.

त्यानंतर आमची टीम खरोखर खेळली. वेई जे इतका जीव तोडून खेळलेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी कोचनं मला बाहेर बोलावलं. हरत असताना गोलकीपर काढून पुढे एक खेळाडू वाढवतात. त्यामुळे ती शेवटची झटापट मी बाकावर बसून बघितली, आमचा रिकामा गोल समोर दिसत होता. गोल कुणाचाच झाला नाही. भोंगा वाजला. तीन-दोन.

चेंजिंग रूममध्ये टेप फाडल्याचा आवाज तेवढा येत होता. वेई जे माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"का?" त्यानं विचारलं.

"मला उभं राहवेना."

"हे माझं शेवटचं वर्ष आहे, प्रज्ञा. तुझी अजून दोन आहेत."

हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणापर्यंत ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो आपली बॅग भरायला गेला. नादियानं जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण बाकीच्यांपैकी काही जण माझ्याशी बरेच दिवस नीट बोलले नाहीत. वेई जे मला कित्येक वर्षांनी एका लग्नात भेटला. त्याच्या कडेवर त्याची मुलगी होती. आम्ही छान गप्पा मारल्या, आणि निघताना तो हसत म्हणाला, "मला ते अजूनही पटलेलं नाही, तुला माहितीये ना?" मी म्हटलं, माहितीये. लोकांना ही गोष्ट सांगितली की त्यांना वाटतं मी काहीतरी थोर केलं. वेई जेची बाजू त्यांना सांगायची राहून जाते, म्हणून इथे लिहिली.

बाहेर सरकत्या जिन्यापाशी सायली उभी होती. "थँक्यू म्हणू की सॉरी म्हणू?"

"काहीच नको म्हणूस."

"ओके," ती म्हणाली आणि माझी बॅग ओढत खालपर्यंत आली. वैशाली मावशीनं आईचा हात धरून ठेवला होता आणि दोघीही तिसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होत्या, बहुतेक दुधीभोपळ्याबद्दल.

परतीच्या गाडीत आई डोळे मिटून बसली होती. बाबांनी माझी बॅग स्वतःच्या गुडघ्यांत धरली होती. अर्धं शहर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तो तू मुद्दाम मारलास?"

"हो."

"सायलीसाठी?"

मी विचार केला. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्यांना ते आवडलंही असतं. "नाही. नुसतं उभं राहायला बरं वाटेना."

ते मान हलवत राहिले. "मी असतो तर थांबवला असता," ते म्हणाले.

"माहितीये."

"केवढी आकडेमोड केली होती मी." ते जरासे हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण तिथं बसून बघताना सारखं वाटायलं होतं, कुणीतरी मारा रे तो." बाबांच्या बोलण्यात असं औरंगाबादचं वळण क्वचित यायचं, एरवी ते परदेशात राहून पुस्तकी झालं होतं. घरी गेल्यावर आईनं फळ्याचा वरचा भाग ओल्या फडक्यानं पुसून टाकला. बाबा चहा पीत बघत होते. माझे पॅड त्यांनी स्वतः पंख्यासमोर उभे केले.

पुढच्या रविवारी आम्ही सायलीची सेमीफायनल बघायला गेलो. पांढऱ्यांनी त्यांना सपशेल धुतलं. सायलीनं एक गोल केला, तो मात्र देखणा होता, आणि आई उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. मॅच संपली, यंत्र येऊन बर्फ गुळगुळीत करून गेलं आणि तिकीटवाली मुलं उतरायला लागली. मंगळवारी विमान होतं. घरी खोके अर्धवट भरलेले होते, आणि आम्ही निघायला उठलो तेव्हा बाबा जागेवरून हलले नाहीत.

"इथं कुणालाही उतरता येतं ना?" ते म्हणाले.

"तिकीट काढून, हो."

"मग मी एकदा बघतो."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. "अहो, परवा विमानात बसायचंय. हातपाय मोडून घेता का आता?"

"तेच म्हणतो. परवा जायचंय."

मी त्यांच्यासाठी भाड्याचे स्केट आणले आणि बाकासमोर गुडघ्यांवर बसून बांधून दिले. त्यांच्या पोटऱ्या किती बारीक झाल्यात ते तेव्हा दिसलं. आई काचेपलीकडे आमच्या चपला आणि पिशव्या सांभाळत उभी राहिली. बाबांनी कठडा धरून एक पाय बर्फावर ठेवला, मग दुसरा, आणि दोन्ही पाय आपापल्या दिशेनं निघाले. "अगं, हे काय व्हायलंय," ते म्हणाले आणि माझे दोन्ही दंड पकडले. मी म्हटलं, खाली बघू नका, माझ्याकडे बघा, गुडघे थोडे वाकवा. मी त्यांचे हात हातात घेतले आणि उलटी, हळूहळू मागे सरकायला लागले. ते माझ्यामागून आले. पाच-सहा वर्षांची पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी सुसाट जात होती. एक मुलगी थांबून म्हणाली, "अंकल, कॅन वन, डोन्ट स्केअर," म्हणजे जमतंय, घाबरू नका, आणि निघून गेली.

"सोडू नको हं," बाबा म्हणाले.

"नाही सोडत."

काचेजवळून गेलो तेव्हा आईनं फोन वर धरला होता. तो व्हिडिओ इतका हललेला आहे की त्यात बाबा दिसतच नाहीत, नुसता पांढरा उजेड आणि आईचा आवाज, सावकाश, सावकाश. एक पूर्ण फेरी झाली. दारापाशी आल्यावर मी वेग कमी केला, मला वाटलं त्यांना आता बाहेर पडायचं असेल. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, त्या थंडीतही. त्यांनी दाराकडे बघितलं, मग पुढे पसरलेल्या बर्फाकडे.

"चल," ते म्हणाले, "आणखी एक."